जुन्या व्हीएमसीवर ड्रिलिंगचा प्रोग्रॅम बसवताना गेलेले पाच आठवडे

२०२४ चे गणपती होईपर्यंत आमच्या भोसरीच्या शॉपमध्ये एकच व्हीएमसी होतं, म्हणजे संगणकावर चालणारं उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन. फानुक कंपनीच्या ०आय-एमएफ कंट्रोलचं (कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा त्याचा संगणक), पाच वर्षं रोज हाताखालचं, त्यामुळे त्याच्या खोड्या मला पाठ. ऑगस्टमध्ये एका गिऱ्हाइकाने हायड्रॉलिक मॅनिफोल्ड ब्लॉकचं (तेल वाहून नेणारी भोकं असलेल्या धातूच्या ठोकळ्याचं) काम वाढवलं आणि दिवाळीच्या आत चाळीस ब्लॉक मागितले. एका मशीनवर ते होणार नव्हतं. बाबांनी ओळखीतून एक जुनं व्हीएमसी ठरवलं. त्याचाही कंट्रोल फानुकचाच, पण ०आय-एमबी, म्हणजे बऱ्याच आधीच्या पिढीचा. दोन्ही फानुक आहेत, तर इकडून प्रोग्रॅम काढायचा, तिकडे घालायचा आणि सायकल स्टार्ट दाबायचं, असं मी धरून चालले होते. पुढचे पाच आठवडे त्या एका समजुतीपायी गेले. ज्यांच्याकडे असंच दुसरं मशीन येणार आहे त्यांच्यासाठी सगळं तारीखवार लिहिते आहे.

आधी विजेचं. मशीन ठरवायच्या आधी मंजूर वीजभार बघा. आम्हाला भार वाढवून घ्यावा लागला. १२ ऑगस्टला ऑनलाइन अर्ज केला, मग लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट, कोटेशन भरणं, तपासणी. मंजुरीचा कागद हातात आला तो ९ सप्टेंबरला. मशीन २१ सप्टेंबरला, शनिवारी, हायड्रा क्रेनने उतरवलं. लेव्हलिंगमध्ये आणखी दोन दिवस गेले.

एक गोष्ट मात्र बाबांनी आग्रहाने करून घेतली आणि ती पुढे फार कामाला आली. जुन्या मालकाच्या शॉपमध्ये मशीन चालू असतानाच कंट्रोलची आणि अक्षांच्या पल्सकोडरची (अक्ष कुठे आहे ते मोजणाऱ्या भागाची) अशा दोन्ही बॅटऱ्या बदलल्या, आणि सगळे पॅरामीटर, म्हणजे कंट्रोलच्या आतल्या नंबरवार सेटिंग, मेमरी कार्डवर उतरवून घेतले. बॅटरी बदलायची ती वीज चालू ठेवूनच. बंद करून काढली तर पॅरामीटर पुसले जाऊ शकतात. कार्डवर घ्यायला पॅरामीटर २० मध्ये ४ असावं लागतं, मग एडिट मोडला सिस्टिम, पॅरामीटर, ऑपरेशन, पंच, एक्झिक्यूट. दहा मिनिटांचं काम. जुनं मशीन घेणाऱ्याने पैसे देण्याआधीच हे करून घ्यावं असं मला वाटतं.

शुक्रवार, २७ सप्टेंबर. पहिली ट्रायल. ब्लॉक ईएन८ पोलादाचा, एका बाजूला ६ मिलिमीटर व्यासाची, ७२ मिलिमीटर खोल अशी सहा होल एका ओळीत, १२ च्या पिचवर. प्रोग्रॅमची ओळ अशी होती:

जी९९ जी८३ एक्स२०.० वाय१५.० झेड-७२.० आर३.० क्यू४ एफ१००

जी८३ म्हणजे टप्प्याटप्प्याने ड्रिलिंगची सायकल, आर म्हणजे ब्लॉकच्या वर ड्रिल रॅपिडने (पूर्ण वेगाने) जिथवर येतं ती पातळी, जी९९ म्हणजे होल झाल्यावर त्याच पातळीला यायचं, आणि एफ म्हणजे फीड, कापताना उतरायचा वेग. एक्स, वाय, झेड कॅममधून (प्रोग्रॅम बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेले, म्हणून त्यांना पॉइंट, म्हणजे दशांश चिन्ह, होते. क्यू मात्र मी स्वतः कधीतरी पॅनलवर बदलला होता, ४ असा. क्यू म्हणजे एका दमात ड्रिलने किती उतरायचं ते. पहिल्या मशीनवर हे हजारो होलांना चाललेलं.

ड्रिल जॉबच्या, म्हणजे ब्लॉकच्या, वर ३ मिलिमीटरवर येऊन थांबलं आणि तिथेच थरथरायला लागलं. वर-खाली होतंय हे डोळ्यांना जेमतेम दिसत होतं. हात लावला तर हेडमध्ये बारीक टकटक जाणवत होती. आमचे मामा, म्हणजे ऑपरेटर, तीस वर्षं या कामात आहेत. ते म्हणाले, "ताई, हे नुसतं नाचतंय, उतरत नाहीये." मला वाटलं, जुनं मशीन आहे, स्क्रू झिजला असेल, थोडं चालू देऊ. दोन-तीन मिनिटांनी ड्रिल जॉबला टेकलं आणि किंचाळायला लागलं. बंद करून पाहिलं तर ब्लॉकवर एक चकचकीत खळगा आणि ड्रिलची धार गेलेली.

पुन्हा हवेत, सिंगल ब्लॉकवर (म्हणजे प्रोग्रॅमची एकेक ओळ थांबत) चालवून स्क्रीन बघितली. 'डिस्टन्स टू गो'मध्ये, म्हणजे अजून किती जायचं आहे त्या आकड्यात, दर वेळी ०.००४ येत होतं. तेव्हा उलगडा झाला. या मशीनवर पॉइंट नसलेला आकडा मायक्रॉनमध्ये वाचला जातो. क्यू४ म्हणजे ४ मायक्रॉन. आर पातळीपासून तळापर्यंत ७५ मिलिमीटर, म्हणजे एका होलाला १८,७५० वेळा वर-खाली! पहिल्या मशीनवर पॅरामीटर ३४०१ चा शून्यावा बिट (बिट म्हणजे ० किंवा १ असा खटका) १ आहे, त्यामुळे तिथे पॉइंट नसला तरी ४ म्हणजे ४ मिलिमीटर. इथे तो ० होता.

हा बिट मी बदलला नाही, आणि तुम्हीही लगेच बदलू नका असं सांगेन. तो फिरवला की मेमरीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमचा अर्थ बदलतो. कुठे पॉइंट न देता एक्स२५००० लिहिलेलं असेल तर ते २५ मिलिमीटरचं २५ मीटर होईल. त्यापेक्षा प्रोग्रॅममध्ये सगळीकडे पॉइंट द्यावा. क्यू४.० दोन्ही मशीनना सारखंच कळतं. याला अपवाद थांबण्याच्या वेळेचा: जी८२ मधला पी मिलिसेकंदात असतो, तिथे पॉइंट देत नाहीत. पी५०० म्हणजे अर्धा सेकंद.

शनिवार, २८ सप्टेंबर. क्यू दुरुस्त झाला, पहिलं होल सुंदर पडलं. दुसऱ्या होलात साधारण ४० मिलिमीटरवर खट् आवाज आला आणि ड्रिल आतच तुटलं. लाँग सिरीजचं कोबाल्टचं ड्रिल, ६५० रुपयांना एक. ड्रिलच खराब निघालं असेल म्हणून दुसरं लावून तिसरं होल घेतलं. तेही तुटलं. वेग, फीड तेच होते: १,०५० आरपीएम, १०० चं फीड. कूलंटची धार बरोबर. रनआउट, म्हणजे फिरताना ड्रिल किती डगमगतं ते, डायलने तपासला, दोन शतांश मिलिमीटर. मामा नुसते आवाज ऐकत उभे होते. म्हणाले, "प्रत्येक वेळी तळाला ठोका बसतोय. आपल्या मशीनवर असा बसत नाही."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जी८३ मध्ये ड्रिल दर टप्प्याला आर पातळीपर्यंत बाहेर येतं, कीस टाकतं आणि रॅपिडने परत आत जातं. आत जाताना आधीच्या तळाच्या थोडं वर थांबून तिथून फीडने कापायला सुरुवात करायला हवी. हे 'थोडं' किती, ते प्रोग्रॅममध्ये लिहिलेलंच नसतं. पॅरामीटर ५११५ मध्ये असतं. पहिल्या मशीनवर तिथे १.००० होतं, म्हणजे एक मिलिमीटर. या मशीनवर ०. ड्रिल प्रत्येक वेळी रॅपिडच्याच वेगाने तळावर आणि तिथे पडलेल्या किसावर आदळत होतं. जी७३ वापरत असाल, म्हणजे पूर्ण बाहेर न येता नुसता कीस तोडायचा असेल, तर तिथे ड्रिल किती मागे येईल ते ५११४ मध्ये असतं. दोन्ही बघून घ्या.

आनंदाच्या भरात मी ५११५ मध्ये १ टाकलं आणि नवा ब्लॉक लावला. तिसरं ड्रिल तुटलं. पहिल्या मशीनच्या एमएफवर हा आकडा मिलिमीटरमध्ये दशांशासकट दिसतो, या मशीनच्या एमबीवर तो मायक्रॉनमधला पूर्णांक असतो. १ म्हणजे एक मायक्रॉन. टाकायला हवं होतं १०००. ते टाकलं आणि तळाचा ठोका बंद झाला. मामांनी मान डोलावली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तोवर दोन ब्लॉक गेले होते आणि ब्लॉक गिऱ्हाइकाच्या मटेरिअलचे होते.

पॅरामीटर बदलायची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एमडीआय मोड (हाताने आज्ञा टाइप करायचा), सेटिंगच्या पानावर पॅरामीटर राइट १ करायचं. लगेच १०० नंबरचा अलार्म येतो, घाबरू नका, तो फक्त 'कुलूप उघडं आहे' असं सांगतो. काम झाल्यावर परत ० करून रिसेट. जुना आकडा, नवा आकडा आणि तारीख वहीत लिहिल्याशिवाय हात लावायचा नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर. आता ड्रिल नीट उतरत होतं, पण सहाऐवजी दोनच होल पडून मशीन पुढच्या टूलकडे निघालं. पुढची ओळ होती जी९१ एक्स१२.० के५, म्हणजे बारा-बारावर आणखी पाच वेळा. हे तासाभरात सापडलं. फानुकमध्ये पॅरामीटर ०००१ चा पहिला बिट १ असला तर मशीन सिरीज १०/११ चा जुना फॉरमॅट वाचतं, आणि त्यात ड्रिलिंग सायकल किती वेळा करायची ते के नाही, एल सांगतो. जुन्या मालकाने तसं ठेवलं होतं. हा बिट शून्य करायला माझे हात शिवशिवत होते. पण तो सबप्रोग्रॅम बोलावणाऱ्या एम९८ ची मांडणीही बदलतो, आणि टूल चेंजचा मशीन बनवणाऱ्याचा मॅक्रो (तयार छोटा प्रोग्रॅम) नेमका कुठल्या मांडणीत आहे हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून त्या दिवशी काहीच बदललं नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर. हा दिवस मला सर्वांत जास्त लागला, कारण इथे चूक पूर्णपणे माझी होती. एम६ मापाचे (६ मिलिमीटर बोल्टचे) आटे मारायचे होते. प्रोग्रॅममध्ये एम२९ एस५०० आणि त्याखाली आटे मारायची सायकल जी८४, एफ५००; पिच (दोन आट्यांमधलं अंतर) एक मिलिमीटर, म्हणून फीड आरपीएमएवढंच. एम२९ ला मशीन थांबलं. अलार्म नाही, सायकल स्टार्टचा दिवा पेटलेला, पण काहीच हलेना. मशीन त्या एम कोडचं काम पूर्ण झाल्याच्या खुणेची वाट बघत बसलं होतं. मी ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा चालवलं. टॅप (आटे पाडणारं टूल) आत गेला, उलटा फिरताना तुटला. मग आरपीएम २०० करून, फीड २०० करून पुढच्या ब्लॉकवर दुसरा टॅप लावला. तोही उलटतानाच गेला.

एम२९ ही काही शोभेची ओळ नाही. ती रिजिड टॅपिंग सुरू करते: स्पिंडलचं फिरणं आणि झेडचं उतरणं एकमेकांना बांधून टाकते. ती काढल्यावर तेच जी८४ साधं टॅपिंग होतं, ज्यात स्पिंडल थांबून उलटायला जो किंचित वेळ घेतं तो सांभाळायला होल्डरमध्येच लवचीकपणा लागतो. माझा टॅप घट्ट ईआर कॉलेटमध्ये (टूल आवळून धरणाऱ्या पकडीत) होता. तुटणारच. मशीन एखाद्या ओळीवर अडलं तर ती ओळ का आहे हे कळल्याशिवाय काढू नका.

संध्याकाळी सर्व्हिसला फोन केला. २ ला गांधी जयंती, ३ ला घटस्थापना आणि आमच्या एमआयडीसीची गुरुवारची सुट्टी. त्यांची तारीख मिळाली ८ ऑक्टोबरची. दिवसाचे ६,५०० अधिक जीएसटी, म्हणजे ७,६७० रुपये, आधी भरायचे. मधल्या दिवसांत तुटलेले टॅप स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणगीने धातू खाणाऱ्या) काढून आणले, ९०० रुपयाला एक. एका ब्लॉकचे आटे वाचले. दुसऱ्यात नो-गो गेज, जो अडायलाच हवा, सरळ आत गेला, तो ब्लॉक बाद. ब्लॉकमध्ये अडकलेल्या ड्रिलांना मात्र स्पार्कवाल्याने नाही म्हटलं. इतक्या खोलवरून काढायला ब्लॉकच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला असता.

गिऱ्हाइकाला कळवणं हे मला ड्रिल तुटण्यापेक्षा अवघड वाटत होतं. बाबा म्हणाले, आजच सांग, उद्या सांगितलंस तर लपवलं असं होईल. ४ तारखेला मेल केला: तीन ब्लॉक बाद, कारण, फोटो. त्यांच्या क्वालिटी विभागाकडून तीन गोष्टी मागवल्या गेल्या. मशीन बदलल्याची लेखी सूचना (ही मी आधीच द्यायला हवी होती, त्यांच्या ऑर्डरच्या अटींत ते स्पष्ट लिहिलेलं आहे), पाच वेळा 'का' विचारून केलेलं विश्लेषण, आणि नव्या मशीनवरच्या पहिल्या पीसचा सगळ्या मापांचा रिपोर्ट. मटेरिअल जॉबवर्क चलनावर आलेलं असतं, आणि ते लोक जीएसटीच्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये आलेल्या-गेलेल्या मालाचा हिशेब देतात, त्यामुळे बाद ब्लॉकही चलन करूनच परत पाठवावे लागले. नुसतं भंगारात टाकून मोकळं होता येत नव्हतं. तीन ब्लॉकची डेबिट नोट आली, ६,४५० रुपयांची.

८ ऑक्टोबरला सर्व्हिसचे सर आले. शांतपणे एकेक गोष्ट दाखवत गेले, याचं मला फार बरं वाटलं. त्यांनी लॅडर (मशीनच्या आतल्या जोडणीचा प्रोग्रॅम) उघडून दाखवलं की या मशीनवर रिजिड टॅपिंग बनवणाऱ्याने जोडलेलंच नाही. एम२९ ला उत्तर देणारं आत काहीच नव्हतं. टूल चेंजच्या मॅक्रोतही जुन्याच मांडणीतले एल निघाले. "मॅडम, तो फॉरमॅटचा बिट फिरवला असतात तर पहिल्याच टूल चेंजला टूल बदलणारा आर्म अडकला असता," असं म्हणाले. त्यांचा सल्ला होता की मशीन आहे तसं ठेवा, प्रोग्रॅम बदला. टॅपिंगला फ्लोटिंग, म्हणजे लवचीक, होल्डर घ्या.

१० ऑक्टोबरच्या गुरुवारी शॉप बंद होतं. मी एकटी जाऊन बसले. दोन्ही मशीनचे पॅरामीटर कागदावर शेजारी-शेजारी लिहिले आणि जिथे फरक दिसला तिथे एकच प्रश्न विचारला: दोघांनाही सारखंच कळेल असं कसं लिहिता येईल? के आणि एल दोन्ही काढले, सहाही होलांचे एक्स-वाय जी९० मध्ये (शून्यापासूनच्या मापात) सुटे लिहिले. चार ओळी वाढल्या, पण आता तो प्रोग्रॅम कुठेही चालतो. प्रत्येक सायकलच्या ओळीत जी९८ किंवा जी९९ लिहिलं, मशीनच्या आठवणीवर सोडलं नाही. क्लॅम्पवरून जायचं असेल तिथे जी९८, म्हणजे टूल सुरुवातीच्या उंचीपर्यंत वर येतं. प्रत्येक सायकल संपली की जी८०, म्हणजे सायकल बंद.

मामा आधी लेथवर होते, त्यांनी विचारलं, "जी७४ ने ड्रिलिंग का नाही करत? आम्ही तेच करायचो." लेथवर जी७४ म्हणजे टप्प्याटप्प्याने फेस ड्रिलिंग. मिलिंगवर तोच जी७४ म्हणजे डाव्या आट्यांचं टॅपिंग! ड्रिल लावून ते दिलं असतं तर स्पिंडल उलटं फिरत जॉबमध्ये गेलं असतं. चाकणला एका मैत्रिणीकडे सीमेन्स ८२८डी आहे. तिच्याकडे तर भाषाच निराळी: जी८३ सारखे कोड वाचायला आधी जी२९१ देऊन आयएसओ मोडमध्ये जावं लागतं, परतायला जी२९०. तिथल्या स्वतःच्या पद्धतीत एमकॉल सायकल८३ लिहितात, आणि शेवटी नुसतं एमकॉल लिहून ते बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक हालचालीनंतर एक होल पडतं.

१२ ला दसरा. झेंडूचं तोरण दोन्ही मशीनना बांधलं. १४ ला, सोमवारी, नव्याने सुरुवात केली. आधी वर्क ऑफसेटमध्ये (जॉबचा शून्य कुठे आहे ते सांगणाऱ्या नोंदीत) झेड १०० मिलिमीटर वर उचलून पूर्ण प्रोग्रॅम हवेत चालवला, सिंगल ब्लॉक, रॅपिड २५ टक्क्यांवर. मामा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होते आणि मी डिस्टन्स टू गो बघत होते. तासभर लागला. मग झेड परत खाली आणून ब्लॉक लावला. फ्लोटिंग होल्डरवर टॅप उलटताना अर्ध्या मिलिमीटरएवढा लांबला आणि मागे आला, तो क्षण मी वाकून बघितला. गो गेज हाताने फिरत आत गेला, नो-गो अडला.

१५ ला पहिल्या पीसचा रिपोर्ट दिला, १८ ला मंजुरीचा मेल आला. २५ ऑक्टोबरला रात्री साडेआठला चाळिसावा ब्लॉक टेम्पोत चढला.

खर्चाचा हिशेब, कुणाला अंदाज हवा असेल तर: चार ड्रिल २,६००, दोन टॅप ७६०, स्पार्क १,८००, सर्व्हिस ७,६७०, फ्लोटिंग होल्डर ६,८००, डेबिट नोट ६,४५०. एकूण २६,०८० रुपये. यात मशीन बसून राहिलेले दिवस धरलेले नाहीत.

सध्या एक ब्लॉक पहिल्या मशीनवर २८ मिनिटांत होतो, दुसऱ्यावर ४१. फरक बराचसा टॅपिंगचा आहे. या मशीनला रिजिड टॅपिंग जोडून घेता येईल का, याचं कोटेशन मागवलं आहे. आकडा चाळीस हजारांच्या वर गेला तर होल्डरवरच चालवायचं, असं बाबांचं आणि माझं ठरलं आहे.